व्यासांच्या नावावर

जीर्ण पोथीचं काय करायचं, याचं उत्तर आमच्या बीड जिल्ह्यात ठरलेलं आहे. फडक्यात बांधायची, वर हळदकुंकू वाहायचं आणि पैठणला किंवा गंगाखेडला जाणं झालं की गोदावरीत सोडायची. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या आमच्या घरात लाल खारव्यात बांधलेली एक पोथी आहे. तिच्याबद्दलही भावकीतल्या बहुतेकांचं हेच म्हणणं आहे. काही जण म्हणतात, देव्हाऱ्याशेजारी ठेवा, वर्षातून एकदा पूजा करा, उघडू मात्र नका. मला दोन्ही मान्य नाही. ही पोथी म्हणजे भविष्यपुराण, मुंबईच्या श्रीवेंकटेश्वर छापखान्यातून खेमराज श्रीकृष्णदास यांनी १८९७ साली काढलेलं. या आवृत्तीची जुनी छापील प्रत आता सहजी बघायला मिळत नाही. तिच्यात चार पर्वं आहेत : ब्राह्म, मध्यम, प्रतिसर्ग आणि उत्तर. त्यांतल्या प्रतिसर्गपर्वाचा मोठा भाग म्हणजे व्यासांच्या नावावर केलेली बनावट आहे.

ऋषींच्या नावानं लिहिलेलं खोटं हाती आलं, तर श्रद्धा असलेल्या माणसानं त्याचं काय करावं? बुडवावं, पुजावं, की वाचावं? या प्रश्नाला पोथीच्या आधीच्या मालकानं आपल्या परीनं उत्तर दिलं होतं. मला ते आजही सर्वांत योग्य वाटतं.

ते मालक म्हणजे माझे चुलत सासरे. सगळा गाव त्यांना तात्या म्हणायचा. निजामाच्या राज्यातल्या उर्दू शाळेत ते शिकले. हिशेब मोडीत लिहायचे, वर्तमानपत्र उर्दू वाचायचे आणि पुराण संस्कृतातून सांगायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, दिवेलागणीनंतर मारुतीच्या देवळात त्यांचं पुराण चाले. पुढे म्हातारी माणसं, एका बाजूला बायका, आणि बाहेरच्या पारावर, पायरी न चढता, गावातली मुसलमान मंडळीही बसलेली असायची. हरिश्चंद्राची गोष्ट निघाली की पारावर जास्त शांतता असे. दक्षिणा म्हणजे ज्वारी, तूर, कुणाची गुळाची ढेप. मी संस्कृत घेऊन बी. ए. झालेली सून म्हणून घरात आले, तेव्हा तात्यांना माझं मोठं अप्रूप वाटलं होतं. त्यांच्या मुलांना पोथ्यांत रस नव्हता. पुढे मी शाळेत संस्कृत शिकवू लागले आणि तात्यांच्या पोथ्या एकेक करून माझ्या कपाटात आल्या.

भविष्यपुराणाची पानं आडवी आणि सुटी आहेत. कागद कडेनं तपकिरी पडलाय, कोपरा चिमटीत धरला तर हातात येतो. ब्राह्मपर्वाच्या पानांवर बोटांचे डाग आहेत, तेलाचे, हळदीचे. उत्तरपर्वाची पानं त्याहून मळलेली, कारण व्रतांच्या कथा तिथे आहेत आणि बायकांची मागणी त्यांनाच असे. प्रतिसर्गपर्वाची सुरुवातीची काही पानं वापरलेली दिसतात. मग एका पानाच्या समासात लाल पेन्सिलीनं मोडीत एक टीप आहे : येथून पुढे कथेत घेऊ नये, हे व्यासोक्त नव्हे. त्यानंतरची पानं जवळजवळ कोरी, जणू छापखान्यातून कालच आलेली.

ते पान तात्यांनी मला स्वतः दाखवलं होतं. म्हणाले, "सूनबाई, तुझं संस्कृत शाळेत शिकवायचं, माझं देवळात सांगायचं. हे वाच आणि सांग, व्यासांनी लिहिलं असेल का हे?"

त्या जागी म्लेंच्छांच्या भाषेचे नमुने दिले आहेत. रविवाराला संडे, फाल्गुनाला फेब्रुवारी, साठाला सिक्स्टी. अनुष्टुभात व्यवस्थित बसवलेले शब्द. संडे आणि सिक्स्टीचा अर्थ तात्यांनी मला विचारून घेतला. फेब्रुवारी विचारावा लागला नाही, तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेलाच होता.

पण त्यांची शंका त्या शब्दांपासून सुरू झालेली नव्हती. त्याआधीच आदम आणि त्याची बायको हव्यवती यांची गोष्ट येते. कली सापाचं रूप घेतो, बाईला फसवतो, फळ खाल्लं जातं, आणि दोघांच्या गोष्टीत औदुंबराची पानं येतात. बायबलमधली अंजिराची पानं इथे उंबराची झालेली आहेत. आदम, नूह ही नावं तात्यांना लहानपणापासून माहीत होती, शेजारच्या घरातून आणि उर्दू पुस्तकांतून. पुराणात न्यूह नावाचा विष्णुभक्त येतो. विष्णू त्याला स्वप्नात जलप्रलयाची सूचना देतो आणि तो नाव बांधतो. तात्या म्हणाले, "हे आपल्या मनूचं नाही. मनूच्या गोष्टीत मासा आहे. ही त्यांची गोष्ट आहे, आपल्या कापडात गुंडाळलेली."

पुढे मी मराठी बायबल मिळवून उत्पत्तीचा सहावा अध्याय काढला. नोहाचं तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. पोथीतल्या न्यूहाची नावही तेवढीच. ही मापं कुराणात नाहीत. म्हणजे लिहिणाऱ्यानं गोष्ट नुसती ऐकलेली नव्हती. बायबलमधला मजकूर कुठल्या तरी वाटेनं, आकड्यांसकट, त्याच्यापर्यंत आला होता.

त्यापुढे काय काय आहे! आमच्या पैठणचा शालिवाहन हिमालयात जातो आणि तिथे त्याला गोऱ्या वर्णाचा, पांढरी वस्त्रं नेसलेला ईशा भेटतो. भोजराजाच्या गोष्टीत महामद येतो आणि त्याच्याबद्दल अत्यंत हीन शब्द वापरलेले आहेत. कबीर, नानक, नामदेव येतात. प्रयागचा मुकुंद नावाचा ब्राह्मण दुधाबरोबर गाईचा केस पोटात गेल्याच्या दोषानं अकबर होऊन जन्मतो. तैमूर येतो, नादिरशहा येतो. मग गुरुंड म्हणजे इंग्रज, त्यांची कलकत्ता, त्यांची राणी विकटावती म्हणजे व्हिक्टोरिया, आणि त्यांचं पार्लमेंटसुद्धा. हे सगळं भविष्यकाळात, व्यासांनी हजारो वर्षांपूर्वी पाहिलं म्हणून सांगितलेलं.

त्या संध्याकाळी मी मुद्दामच उलट बाजू मांडली. म्हटलं, तात्या, पुराणाचं नावच भविष्य. ऋषींना पुढचं दिसत असेल, तर इंग्रजी शब्दही दिसतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग निजामाचे रझाकार कुठंयत? ते मी या डोळ्यांनी पाहिलेत. राणी दिसली आणि निजाम पडलेला दिसला नाही?"

बनावट भविष्य ओळखायची याहून सोपी कसोटी मला पुढे कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. हे पर्व राणीच्या राज्यापर्यंत नावं-गावं घेऊन येतं आणि तिथून पुढे धूसर होतं. १९४७ नाही, निजामाचं राज्य संपलं तो १७ सप्टेंबर १९४८ नाही. जिथपर्यंत लिहिणाऱ्यानं पाहिलं होतं तिथपर्यंतच व्यासांना दिसलं.

पोथी छापून आल्यावर सहाच वर्षांनी, १९०३ मध्ये, जर्मन पंडित थिओडोर आउफ्रेख्ट यांनी या आवृत्तीवर लेख लिहिला आणि शीर्षकातच तिला वाङ्मयीन लबाडी म्हटलं. भारतभरच्या संस्कृत हस्तलिखितांची प्रचंड सूची तयार करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे कुठल्या ग्रंथाची कुठे कशी प्रत आहे याची त्यांच्याइतकी जाण फार थोड्यांना होती. पुढे राजेंद्रचंद्र हाजरा यांनी १९४० च्या आपल्या पुराणविषयक ग्रंथात हेच पर्व नव्यानं रचलेलं असल्याचं दाखवून दिलं. ब्राह्मपर्वातला सूर्योपासनेचा, सांबाचा आणि शाकद्वीपातून आलेल्या मगांचा भाग जुना आहे. सगळं पुराण खोटं नाही. एक पर्व आत घुसवलेलं आहे, आणि तेच आज सर्वांत जास्त फिरतं. तात्यांनी आउफ्रेख्ट यांचं नाव कधी ऐकलं नाही. ते त्याच ठिकाणी मारुतीच्या देवळातून पोचले.

तात्यांनी ते पर्व सोडलं यामागे महामदाचा अध्याय असावा, असं कुणालाही वाटेल. ज्या गावाच्या नावातच युसूफ आहे, जिथे पारावर बसून मुसलमान शेजारी पुराण ऐकतात, तिथे असला मजकूर कोण वाचेल? मीही तसं म्हटलं. त्यावर ते जे बोलले ते मी विसरलेले नाही. "वाईट आहे म्हणून सोडलं असं समजू नकोस. खोटं आहे म्हणून सोडलं. चांगलं असतं तरी सोडलं असतं."

चांगलं असतं तरी. म्हणजे अकबराला पूर्वजन्मीचा ब्राह्मण करणारी, दोन धर्मांना जवळ आणणारी वाटावी अशी गोष्टही त्यांनी देवळात सांगितली नाही. आपला शालिवाहन आणि ईशा यांची भेट ऐकायला गावाला आवडली असती, तीही सांगितली नाही. आज मोबाईलवर या पर्वाचे तुकडे फिरतात. एक बाजू म्हणते, बघा, व्यासांनी त्यांना काय म्हणून ठेवलंय. दुसरी बाजू त्याच अध्यायातल्या चार ओळी उचलून म्हणते, बघा, तुमच्याच पुराणात आमच्या पैगंबरांचं भाकीत आहे. तिसरे सांगतात की येशू काश्मीरला आल्याचा हा पुरावा आहे. तिघंही एकाच खोट्या कागदावर सही मागत आहेत. आपल्या सोयीचं तेवढं खोटं चालवून घ्यायचं आणि दुसऱ्याच्या सोयीचं उघडं पाडायचं, हे तात्यांना मान्य नव्हतं. मलाही नाही.

इथे एक प्रामाणिक हरकत येते आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. सगळीच पुराणं व्यासांच्या नावावर आहेत. एकाच माणसानं अठरा पुराणं आणि महाभारत लिहिलं, असं कुठलाही अभ्यासक म्हणत नाही. पिढ्यानपिढ्या लोकांनी भर घातली. मग एका अनामिकानं एकोणिसाव्या शतकापर्यंत येऊन भर घातली तर त्यालाच लबाड का म्हणायचं? आणि नावाचा घोळ कुठे नाही? इथून जवळ अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. विवेकसिंधूच्या शेवटी शके १११० असा काळ येतो. त्या काळावरून वाद आहेत, आणि ग्रंथात आलेली अंबानगरी म्हणजे आमची अंबाजोगाई की विदर्भातलं वैनगंगेकाठचं अंभोरा, यावरही वाद आहेत. नामदेवांच्या गाथ्यात पुढच्या काळातल्या नामा नावाच्या कवींचे अभंग मिसळलेले आहेत. मग तेही सगळं टाकायचं का?

नाही. आणि का नाही, हे सांगता आलं पाहिजे. मला जे उमगलंय ते असं. विवेकसिंधू मला देहाचा, मनाचा, आत्म्याचा विचार करायला लावतो. तो विचार बरोबर की चूक, हे मी स्वतः तपासू शकते. शके १११० खरा ठरो की खोटा, मुकुंदराजांचं म्हणणं त्यावर उभं नाही. नामा म्हणून सही केलेला एखादा अभंग पंढरपूरच्या नामदेवांचा नसेल, पण तो म्हणताना माझ्या मनाची जी अवस्था होते ती कुणाच्या सहीवर अवलंबून नाही. त्या कवीनं आपलं सर्वस्व नामदेवांच्या नावात विरघळवलं. त्यानं नामदेवांच्या नावावर काही उकळलं नाही.

भविष्याचं तसं नाही. शंभर वर्षांनी काय झालं, हे त्यात लिहिलंय यात काही विशेष नाही; ते होण्याच्या आधी लिहिलं होतं, हेच विशेष. त्याचा सगळा जीव तारखेत असतो. तारीख खोटी ठरली की उरतो तो जुन्या बातम्यांचा गठ्ठा. म्हणून अभंगाचा कस अनुभवात लागतो आणि भाकिताचा कस तारखेत. ज्या ग्रंथाला माझ्याकडून काही आचरण हवंय, त्याला चुकीच्या नावाचा दोष सोसतो. ज्याला फक्त माझा विश्वास हवाय, त्याला तो सोसत नाही.

हा फरक सत्यनारायणाच्या कथेवर ताडून पाहावा. आमच्या गावात लग्न झालं, घर बांधलं, ऊस चांगल्या भावानं गेला की सत्यनारायण होतोच. पूजेच्या पोथीत अध्यायाच्या शेवटी स्कंदपुराणातल्या रेवाखंडाचं नाव घेतात. तीच कथा भविष्यपुराणाच्या याच प्रतिसर्गपर्वातही आहे. म्हणजे ज्या पर्वाला मी बनावट म्हणते, त्यातच घराघरात सांगितली जाणारी कथा बसलेली आहे! तात्यांच्या टिपेच्या पलीकडची ही पानंही त्यांच्या पोथीत कोरीच राहिली आहेत, पण सत्यनारायण सांगायला ते जात असत आणि रेवाखंडाची पोथी घेऊन जात. त्या कथेचा गाभा काय? बोललेला नवस पाळ, मिळालेलं वाटून खा, प्रसादाला नाही म्हणू नकोस, मोळीविक्यापासून राजापर्यंत पंगत एक. साधुवाणी संकटात सापडतो तो दिलेला शब्द पुढे ढकलत राहतो म्हणून. हे सांगायला रेवाखंडाचा शिक्का लागत नाही. शिक्का उद्या गळून पडला तरी दिलेला शब्द पाळायचाच असतो. महामदाच्या अध्यायाचा शिक्का काढला तर मात्र उरते फक्त शिवी.

आपल्या शास्त्रकारांनी हा विचार केलेलाच नव्हता असं नाही. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण तो आप्ताचा, म्हणजे विषय जाणणाऱ्या आणि जसं आहे तसं सांगणाऱ्या माणसाचा शब्द असला पाहिजे. मीमांसक तर आणखी पुढे गेले. एखाद्या स्मृतिवचनामागे लोभासारखा हेतू उघड दिसत असेल, तर ते वचन प्रमाण मानू नये, असं जैमिनींच्या सूत्रांतच आहे. त्यावर शबरस्वामींनी यज्ञातल्या वस्त्राचं उदाहरण दिलं आहे : ते वस्त्र अध्वर्यूनं घ्यावं असं एक वचन सांगतं, आणि असल्या वचनाचं मूळ कुणाच्या तरी हावेत असेल, असं ते सरळ म्हणतात. वेदाला जीव की प्राण मानणारी ही माणसं धर्माच्या नावावरच्या वचनाला विचारत होती की तुझ्यामुळे कुणाचा फायदा होतो. हा प्रश्न विचारल्यानं धर्म बुडतो, असं त्यांना वाटलं नाही.

व्यासांच्या नावावर बनावट करणारे आपल्याच मातीतले होते असंही नाही. अठराव्या शतकात दक्षिण भारतातल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या वर्तुळात एझूरवेदम् नावाचा ग्रंथ फ्रेंचमध्ये तयार झाला. व्यास आणि सुमंतू यांचा संवाद. व्यास पुराणातल्या कथा सांगतात आणि सुमंतू त्या खोडून एकेश्वरवाद शिकवतो. गंमत अशी नव्हे तर खेदाची गोष्ट अशी की भविष्यपुराणाच्या जुन्या भागातही शतानीक राजाला पुराण सांगणारा सुमंतूच आहे. ओळखीचं, विश्वासाचं नाव हेरून घेतलं होतं. या ग्रंथाचं हस्तलिखित १७६० मध्ये मोदाव्ह नावाच्या फ्रेंच सरदारानं व्हॉल्तेअरला आणून दिलं. व्हॉल्तेअरनं ते पॅरिसच्या राजग्रंथालयाला भेट दिलं आणि हा ग्रंथ अलेक्झांडरच्याही आधीचा आहे असं जगाला सांगितलं. १७७८ मध्ये यव्हेर्दाँ इथे तो दोन भागांत छापला गेला. चारच वर्षांनी सोनेरा या प्रवाशानं तो खरा वेद नसल्याचं लिहिलं, आणि १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सिस व्हाइट एलिस यांच्या निबंधानं पाँडिचेरीत सापडलेल्या हस्तलिखितांच्या आधारे बनावटीचा सगळा पट उलगडला.

व्हॉल्तेअर काही भोळा माणूस नव्हता. चर्चच्या भाकडकथांवर त्यानं आयुष्यभर प्रहार केले. पण ख्रिस्ती धर्माहून जुना, शुद्ध ईश्वरविचार पूर्वेकडे होता हे त्याला सिद्ध करायचं होतं, आणि हा ग्रंथ नेमकं तेच देत होता. त्यानं तपासलं नाही, कारण जे हवं होतं ते मिळालं होतं. एका बनावट ग्रंथाचा मालक युरोपातला सर्वांत मोठा संशयवादी आणि दुसऱ्याचा मालक युसूफ वडगावचा एक पुराणिक. संशय पहिल्याला घेता आला नाही, दुसऱ्यानं घेतला. श्रद्धा आणि चिकित्सा यांचं वैर असतं असं जे धरून चालतात, त्यांनी या दोन मालकांकडे पाहावं. तात्यांना व्यासांबद्दल खरा आदर होता. म्हणूनच व्यासांच्या तोंडी घातलेलं परकं बोलणं त्यांना खुपलं.

आणि मिशनऱ्यांनी सगळ्यांनीच असं केलं का? गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण लिहिलं. ते १६१६ मध्ये रायतूरला पहिल्यांदा छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वाटेनं चाललेली मराठी, नावसुद्धा पुराण. हेतू उघडपणे धर्मप्रचाराचा. पण हे मी लिहिलं, हे ख्रिस्ताचं आहे, असं ते सांगतात. व्यासांना ख्रिस्ती करत नाहीत. तो धर्म न मानणारी मीही त्या ओव्या आदरानं वाचते. पटो न पटो, समोर बसून बोलणारा माणूस त्यात आहे. आपलं नाव देऊन वेगळा विचार मांडणाऱ्याशी वाद घालता येतो, दोस्तीही करता येते. दुसऱ्याच्या नावाआड लपलेल्याशी काहीच करता येत नाही.

त्या अनामिक लेखकाबद्दल माझ्या मनात केवळ राग नाही. त्याच्या डोळ्यांसमोर दिल्ली गेली, इंग्रज आले, परक्या ग्रंथांतली परकी वंशावळ आली. हे सगळं आपल्या युगांच्या, मन्वंतरांच्या हिशेबात कुठे बसतं, हे त्याला कळून घ्यायचं असेल. व्यासांना हे माहीत होतं असं म्हटलं की पराभवही ठरलेला होता असं वाटून धीर येतो. ही गरज खरी होती. पण धीर देण्यासाठी त्यानं खोटी साक्ष उभी केली, आणि त्याच साक्षीत शेजाऱ्याच्या पैगंबराबद्दल विष पेरून ठेवलं. गरज खरी असल्यानं साक्ष खरी होत नाही.

मग पोथीचं काय करायचं? आमच्याच गोदावरीकाठी, पैठणला, एकनाथांनी याचं उत्तर शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, दिलेलं आहे. ज्ञानेश्वरीत तीनशे वर्षांत पाठभेद शिरले होते, लोकांनी आपल्या ओव्या घुसवल्या होत्या. एकनाथांची स्वतःची कवित्वशक्ती काही कमी नव्हती. पण त्यांनी प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या, शुद्ध प्रत तयार केली आणि यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये असं बजावलं. ते शोधन म्हणजे त्यांची ज्ञानोबांची पूजाच होती. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते १९६६ मध्ये पुरं झालं. सुकथनकरांसारख्या विद्वानांनी शेकडो हस्तलिखितं जुळवून व्यासांचं जुन्यात जुनं मिळेल ते वचन वर छापलं. मागाहून आलेले श्लोक त्यांनी जाळले नाहीत. रेघेखाली, तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले, कुठल्या प्रतीत काय आहे त्याच्या नोंदीसह. खोट्याला किंवा उपऱ्याला वागवायची मला माहीत असलेली ही सर्वांत सभ्य रीत आहे : नष्ट करायचं नाही, पण वरही घ्यायचं नाही.

तात्यांनी लाल पेन्सिलीनं समासात नेमकं हेच केलं होतं. पानं फाडली नाहीत, लपवली नाहीत, रेघ ओढली आणि खाली कारण लिहिलं. पोथी गोदावरीत सोडली तर खोटं बुडणार नाही. त्याच्या हजारो नकला मोबाईलमध्ये आहेत. बुडेल ती तात्यांची टीप. आणि नुसती पूजा केली तर टीप फडक्याआड राहील आणि खोट्यावर कुंकू पडत राहील. म्हणून मी पानं क्रमानं लावली, मोडी टीप देवनागरीत उतरवून त्या पानाला जोडली आणि पोथी बैठकीच्या खोलीत, कुणालाही हात लावता येईल अशा जागी ठेवली आहे. कुणी मोबाईल पुढे करून "काकू, व्यासांनी असं लिहिलंय म्हणे" असं विचारलं, की मी त्याला बसवते, ते पान काढते, आधी तारवाची मापं दाखवते, मग संडे आणि फेब्रुवारी, आणि मग रझाकारांचा प्रश्न विचारते. अशांत दोन्ही धर्मांची पोरं असतात. काही रागावून जातात, काही पुन्हा येतात. ज्याच्या श्रद्धेला अशा भाकिताचा टेकू लागत नाही, तो शांतपणे ऐकून घेतो, असा माझा अनुभव आहे. टेकू काढल्यावर जी उभी राहते तेवढीच श्रद्धा आपली असते. आणि ती उभी राहते की नाही हे पाहायचं धाडस करणं, हेही मी धर्माचरणच मानते.